रबर प्लॅस्टिकवर का टिकत नाही? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. रबराचा तुकडा प्लॅस्टिकवर चिकटवला जातो, दोन-चार दिवस टिकतो आणि सुटतो. जवळजवळ प्रत्येक पत्राचा शेवट ‘कोणता गोंद घ्यावा?’ या प्रश्नाने होतो. प्लॅस्टिक कोणते, रबर कोणते आणि त्या जोडावर ओढ कोणत्या दिशेने येते, हे मात्र फार थोड्या वाचकांनी कळवले आहे. गोंदाचे नाव या तीन गोष्टी कळल्यानंतर सांगता येते, म्हणून पुढील उत्तरांत गोंदाआधी पृष्ठभागाची चर्चा अधिक आढळेल.

प्रश्न : आमच्याकडे साच्यातून काढलेल्या अखंड प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. त्या फरशीवर घसरतात, म्हणून पायांखाली काळ्या रबराचे गोल तुकडे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावले. पहिल्या दिवशी ते पक्के वाटले, पण आठवड्याच्या आत सगळे निघाले. नंतर दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी वापरून पाहिला. तो सुकल्यावर प्लॅस्टिकवरून पापुद्र्यासारखा अखंड सुटून आला. रबराला मात्र तो अजून घट्ट धरून आहे. गोंद बनावट असेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : गोंदावर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती शेवटी आली आहे : इपॉक्सी रबराला धरून राहिला आणि प्लॅस्टिकवरून अखंड निघाला. याचा अर्थ गोंदाची ताकद कमी पडली नाही आणि रबराची बाजूही बिघडली नाही. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाने गोंदाला मुळात धरलेच नाही. अशा खुर्च्या सामान्यतः पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. पॉलिप्रॉपिलीन आणि त्याच्याच कुळातले पॉलिएथिलीन ही चिकटवण्याच्या कामातील सर्वांत हट्टी प्लॅस्टिके आहेत. बादल्या, टोपल्या, डबे, पाण्याच्या टाक्या, बाटल्यांची झाकणे यांतले बरेचसे सामान याच दोन प्लॅस्टिकांचे असल्यामुळे घरातील फसलेल्या जोडांचा मोठा वाटाही यांच्याच नावावर जमा होतो.

असे का होते, ते थोडे सविस्तर सांगतो. कोणताही गोंद लावताना द्रव असतो आणि पकड घेण्यासाठी त्याला आधी पृष्ठभागावर नीट पसरावे लागते. तो पसरेल की थेंबाथेंबाने गोळा होईल, हे द्रवाचा पृष्ठताण (द्रवाला गोळा करू पाहणारी ओढ) आणि घन पदार्थाची पृष्ठऊर्जा (पृष्ठभागाची द्रवाला आपल्याकडे ओढण्याची क्षमता) यांच्या तुलनेवर ठरते. द्रवाचा पृष्ठताण पृष्ठऊर्जेपेक्षा कमी असेल तर द्रव पसरतो, जास्त असेल तर आखडतो. पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन (डाइन हे बलाचे लहान एकक) असतो. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा त्याच मापाने ३०च्या आसपास आणि पॉलिएथिलीनची ३१च्या आसपास असते. एबीएस, पॉलिकार्बोनेट, नायलॉन ही प्लॅस्टिके ४०च्या जवळपास किंवा त्याहून वर असतात, म्हणून ती तुलनेने सहज चिकटतात. द्रव अवस्थेतील इपॉक्सीचा पृष्ठताणही ४०च्या वरच असतो. तेव्हा पॉलिप्रॉपिलीनवर त्याची गत अळवावरच्या पाण्यासारखी होते. तो वाळून दगडासारखा कठीण झाला तरी खाली त्याला धरायला काही नसते. शिवाय या दोन प्लॅस्टिकांच्या रेणूंत गोंदाशी बांधले जाण्याजोगे गटही नसतात आणि घरगुती विद्रावके (ॲसिटोन, थिनरसारखे विरघळवणारे द्रव) त्यांना मऊ करीत नाहीत. त्यामुळे गोंद पृष्ठभागात शिरून अडकून बसण्याचा मार्गही बंद असतो.

काचपेपरने घासले की सगळे काही चिकटते, असा एक समज आहे. घासण्याने मळ जातो आणि धरायला थोडे खरबरीत अंग मिळते, पण पृष्ठऊर्जा बदलत नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत नुसत्या घासण्याचा फायदा अगदी थोडा.

प्लॅस्टिक ओळखण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. वस्तूच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात अंक असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिएथिलीनचे दोन प्रकार, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ७ या अंकाखाली उरलेले सगळे येतात, म्हणून त्यावरून फारसे कळत नाही. अंक नसेल तर कोपऱ्यातून छोटा तुकडा कापून पाण्यात टाकावा आणि त्याला बुडबुडे चिकटलेले नाहीत ना, ते पाहावे. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे तरंगतात. एबीएस, पीव्हीसी, पॉलिकार्बोनेट, नायलॉन बुडतात. मात्र खुर्चीच्या प्लॅस्टिकमध्ये स्वस्त भर म्हणून खनिज पूड पुष्कळ घातलेली असेल तर पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते, हे ध्यानात असावे. आणखी एक चाचणी म्हणजे नखरंग काढण्याच्या ॲसिटोनचा थेंब न दिसणाऱ्या जागी टाकणे. एबीएस आणि पॉलिस्टायरीन चिकट होतात, पॉलिप्रॉपिलीनवर काहीच होत नाही.

आता उपायाकडे. गोंदानेच काम करायचे असेल तर औद्योगिक हार्डवेअरच्या दुकानात अवघड प्लॅस्टिकसाठीचा जोडसंच मागावा. त्यात एक प्रायमर (गोंदाआधी लावायचा, पृष्ठभाग तयार करणारा द्रव) आणि एक सायनोॲक्रिलेट गोंदाची नळी असते. फेविक्विक ज्या जातीचा गोंद आहे, त्याच जातीचा. प्रायमर प्लॅस्टिकच्या बाजूला पातळ लावायचा, सुकू द्यायचा, मग रबरावर गोंदाचा थेंब घेऊन दोन्ही बाजू दाबून धरायच्या. प्रायमर रबरावर लावण्याची गरज नाही, कारण बहुतेक रबरांवर सायनोॲक्रिलेट स्वतःच उत्तम धरतो. दुसरा पर्याय खास पॉलिप्रॉपिलीन-पॉलिएथिलीनसाठी बनवलेल्या दोन घटकांच्या ॲक्रिलिक गोंदाचा आहे. तो प्रायमरशिवाय धरतो, पण महाग असतो, त्याचे मिसळनळीचे पिस्तूल वेगळे लागते, आणि चार खुर्च्यांसाठी एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही.

माझा सल्ला विचाराल तर येथे गोंद वापरूच नका. खुर्ची ओढताना रबराच्या कडेवर जी ओढ बसते, ती जोडाला उकलत नेणारी असते. त्यात फरशी धुताना पाणी कडेने आत शिरते. अशा ठिकाणी पायावर बाहेरून चढणारा रबरी बूट पायाच्या मापापेक्षा किंचित आवळ घ्यावा, गरम पाण्यात काही वेळ ठेवावा आणि साबणाच्या पाण्याचा हात लावून दाबून बसवावा. तो थंड झाला की आवळून धरतो, आणि झिजल्यावर बदलताही येतो.

प्रश्न : फ्रिजच्या दाराचे रबर एका कोपऱ्यात सुटून लोंबत होते. चपलांच्या दुकानातून आणलेल्या पिवळट सोल्युशनने ते दाराच्या आतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर चिकटवले. महिन्याभरात सोल्युशनचा चिकट लगदा झाला आणि प्लॅस्टिकवर बारीक भेगा दिसू लागल्या. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : येथे दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या आहेत. फ्रिजच्या दाराची पट्टी दिसायला रबर असली तरी ती सामान्यतः मऊ पीव्हीसीची असते आणि तिच्या पोटात चुंबकाची पट्टी असते. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला मऊपणा यावा म्हणून त्यात तेलकट द्रव्य मोठ्या प्रमाणात मिसळतात. हे द्रव्य प्लॅस्टिकमध्ये बांधलेले नसल्यामुळे हळूहळू बाहेर पाझरते आणि शेजारच्या थरात शिरते. आपण वापरलेले सोल्युशन निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचे असावे. हे तेलकट द्रव्य शोषले की निओप्रीन मऊ पडते आणि त्याचा लगदा होतो. मऊ पीव्हीसी कुठेही चिकटवायचे असेल, मग ते रेक्झिनचे कव्हर असो की बागेतल्या नळीचा तुकडा, निओप्रीनऐवजी पॉलियुरेथेन किंवा नायट्राइल रबराचा गोंद मागावा. ते हे द्रव्य बऱ्याच अंशी सोसतात.

भेगांचे कारण वेगळे आहे. दाराच्या आतले पांढरे पान पॉलिस्टायरीनच्या चिवट प्रकाराचे किंवा एबीएसचे असते, आणि अशा सोल्युशनमध्ये बहुधा असणारे टोल्युइन हे विद्रावक त्या प्लॅस्टिकला विरघळवते. थर्मोकोलला हेच सोल्युशन लावले तर त्यात खड्डा पडतो, ते याच कारणाने. साच्यात तयार होताना प्लॅस्टिकमध्ये राहिलेला ताण अशा विद्रावकाच्या स्पर्शाने भेगांच्या रूपाने मोकळा होतो. पीव्हीसीच्या पाइपांचे सिमेंट वापरून पाहण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्यावा. त्यातील विद्रावके अधिक तीव्र असतात आणि सुकल्यावर तो थर कडक होतो, तर दाराची पट्टी रोज अनेकदा दुमडली जाणारी आहे.

खरे तर ही पट्टी चिकटवायची नसतेच. बहुतेक फ्रिजमध्ये ती खाचेत दाबून बसवलेली असते, काही जुन्या दारांत आतल्या पानाखाली स्क्रूंनी आवळलेली असते. सुटलेला कोपरा कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब देऊन मऊ करावा, मूळ आकारात आणावा आणि खाचेत बोटांनी दाबत न्यावा. जुना लगदा काढताना ॲसिटोन किंवा थिनर वापरू नये. खाण्याचे तेल लावून थोडा वेळ ठेवावे, बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे आणि मग साबणाच्या पाण्याने पुसावे. शेवटी कागदाचा कपटा दारात धरून दार लावावे व तो ओढून पाहावा. सगळीकडे ओढताना सारखाच अडथळा जाणवला तर पट्टी बसली आहे. कोपरा फाटलेलाच असेल, तर दाराच्या मॉडेल क्रमांकावरून नवी पट्टी मागवणे हाच उपाय आहे.

प्रश्न : ट्रेकिंगचे चांगले बूट तीन पावसाळे कपाटात पडून होते. राजगडाच्या वाटेवर दोन्ही बुटांचे तळ मोकळे झाले. चांभाराने ते चिकटवून दिले, पण पुढच्याच चालीत पुन्हा सुटले. कोणते सोल्युशन टिकेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी बुटाचा तळ उलटा करून पाहावा. जमिनीला लागणारा खालचा थर रबराचा असतो. त्याच्या आणि वरच्या भागाच्या मध्ये धक्का झेलणारा जाड, हलका थर असतो, जो ईव्हीए किंवा पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या फेसाचा बनवतात. या मधल्या थरात नख रुतवावे. तो भुरभुरत असेल, खडूसारखा तुटत असेल, तर प्रश्न गोंदाचा राहिलेला नाही. पॉलियुरेथेनचे, विशेषतः पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचे, रेणू हवेतील ओलाव्याने सावकाश तुटत जातात. बूट न वापरता बंद खोक्यात, दमट हवेत पडून राहिले की बाहेरून नवे दिसतात आणि आतून संपलेले असतात. गड चढताना एकाच दिवशी दोन्ही तळ गळून पडतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. चांभाराला त्यात दोष देता येत नाही. भुरभुरणाऱ्या थरावर लावलेला गोंद त्या थराच्या वरच्या पापुद्र्यालाच धरतो आणि पापुद्रा त्याच्यासकट निघतो. असे बूट तळ पूर्ण बदलून मिळत असेल तर बदलून घ्यावेत, नाहीतर टाकून द्यावेत.

मधला थर घट्ट आणि चिवट असेल आणि रबर त्यावरून स्वच्छ सुटले असेल, तर आशा आहे. पादत्राणांच्या कारखान्यांत रबरी तळ चिकटवण्याआधी घासतात आणि क्लोरीन देणाऱ्या द्रावणाने पुसतात, त्यामुळे रबराच्या पृष्ठभागावर गोंदाला धरण्याजोगे गट तयार होतात. ईव्हीएच्या बाजूला वेगळा प्रायमर देतात. मग पॉलियुरेथेनचा गोंद दोन्हीकडे लावून, सुकवून, उष्णतेने जागा करून यंत्राच्या दाबाखाली जोड बसवतात. चांभाराच्या पेटीत यातले घासणे आणि दाबणे एवढेच असते, बाकीचे नसते. तरीही पुढील काळजी घेतली तर जोड बराच काळ चालतो. जुन्या गोंदाचा थर दोन्ही बाजूंनी पूर्ण काढावा. रबर जाड काचपेपरने चमक जाईपर्यंत घासावे, कारण साच्यातून सुटून येण्यासाठी लावलेले द्रव्य आणि रबरातून वर येणारे मेण त्याच चमकेत असते. धूळ झटकून रबराचा भाग स्पिरिटने पुसावा. सोल्युशनचे दोन पातळ थर द्यावेत, आणि दुसरा थर बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटे, थांबावे. बहुतेक लोक येथे घाई करतात. ओला गोंद दाबून धरला की विद्रावक आत कोंडून राहते आणि जोड दिवसेंदिवस लिबलिबीत राहतो. नीट सुकलेले दोन थर भिडवताना मात्र पहिल्याच वेळी जागेवर भिडवावेत, कारण नंतर सरकवता येत नाही. अशा गोंदाला वेळेपेक्षा दाब महत्त्वाचा. हातोडीने ठोकून किंवा लाटण्याने जोरात दाबून एकेक इंच बसवावा. मग एक दिवस बूट वापरू नये.

एवढे झाल्यावर चांभाराकडून तळाच्या कडेने दोऱ्याची शिवण घालून घ्यावी. पाऊल वाकते तेव्हा चवड्याशी जोड उकलला जातो, आणि कोणत्याही गोंदाला सर्वांत जड जाणारी ओढ तीच असते. ही ओढ शिवण स्वतःवर घेते. सह्याद्रीत चालणाऱ्यांनी नव्या बुटांनाही शिवण घालावी, असे माझे मत आहे.

प्रश्न : पंक्चरचे सोल्युशन ट्यूबवर इतके पक्के बसते, मग तेच प्लॅस्टिकच्या बादलीवर रबराचा तुकडा लावायला का चालत नाही? (एक विद्यार्थी, परभणी)

उत्तर : कारण पंक्चरचे सोल्युशन रबराला रबराशी एकजीव करण्यासाठी बनवलेले असते. त्यात कच्चे रबर विद्रावकात विरघळवलेले असते आणि त्याच्यासोबत रबर पक्के करणारी रसायने असतात. ठिगळाच्या खालच्या थरातील द्रव्यांशी त्यांची क्रिया होऊन तिन्ही थर एकमेकांशी रासायनिक रीतीने बांधले जातात. बादली पॉलिएथिलीनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची असते. तिच्याशी अशी क्रिया होण्याला वाव नाही. फुटक्या बादलीला वितळवून सांधणे किंवा रबराचे वॉशर घालून नटबोल्ट लावणे सोपे आहे.

प्रश्न : मोटारीच्या दाराच्या कडेला लागणारे काळे रबरी बीडिंग आतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवरून दर उन्हाळ्यात सुटते. नागपूरच्या मे महिन्यात कोणता गोंद तग धरेल? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दाराचे बीडिंग ईपीडीएम जातीच्या रबराचे असते. ऊन, ओझोन आणि पाऊस सोसण्यात हे रबर फार चांगले, पण चिकटवण्याच्या दृष्टीने पॉलिप्रॉपिलीनइतकेच कोरडे. साधे निओप्रीन सोल्युशन त्यावर जेमतेम धरते, आणि सत्तर अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागते. बाहेर पंचेचाळीस अंश असताना उन्हात उभ्या मोटारीतील काळ्या भागांचे तापमान सत्तरच्या पुढे सहज जाते. म्हणजे दर वर्षी आपला जोड नेमका त्या मर्यादेवर येऊन सुटतो.

ईपीडीएमवर सायनोॲक्रिलेट मात्र आश्चर्य वाटावे इतका लवकर धरतो. १९४२ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडक कंपनीत हॅरी कूव्हर हे बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना हा पदार्थ त्यांच्या हाती लागला होता, आणि तो हाताला लागेल त्याला चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला ठेवला गेला. गोंद म्हणून तो १९५८ मध्ये बाजारात आला. त्याची उणीव अशी की वाळल्यावर तो काचेसारखा ठिसूळ होतो, आणि दार आदळण्याचे धक्के व रबराचे वाकणे त्याला मानवत नाही. म्हणून रबराचे कण मिसळून चिवट केलेला काळा सायनोॲक्रिलेट मिळतो, तो अशा कामासाठी घ्यावा. उष्णताही तो साध्यापेक्षा जास्त सोसतो. पट्टी एबीएसची असेल तर एवढे पुरे. ती पॉलिप्रॉपिलीनची असेल, तर पहिल्या उत्तरातील प्रायमर तिच्यावर लावणे आवश्यक आहे. बंपरच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे, कारण बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीन आणि ईपीडीएमच्या मिश्रणाचे असतात.

याहून निर्धोक मार्ग म्हणजे कारखान्यातूनच मागे ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेप लावून आलेले बीडिंग विकत घेणे. त्यात रबराची अवघड बाजू आधीच सांभाळलेली असते. आपण फक्त प्लॅस्टिक स्पिरिटने पुसायचे, टेपसोबतचा पृष्ठभाग तयार करणारा द्रव लावायचा आणि पट्टी अंगठ्याने जोरात दाबत न्यायची. हे काम सकाळी सावलीत करावे आणि पुढचे तीन दिवस मोटार धुऊ नये, कारण अशा टेपची पूर्ण पकड यायला साधारण बहात्तर तास लागतात.

प्रश्न : आमचा बचत गट ॲक्रिलिकचे ट्रे बनवतो. तळाला रबराचे छोटे पाय झटपट गोंदाने लावले की भोवती पांढरा धुरकट डाग उमटतो. शिवाय पावसाळ्यात सोल्युशनने लावलेले पाय टिकत नाहीत, आणि बंद खोलीत काम करताना डोके दुखते. (बचत गटातील एक भगिनी, कुडाळ)

उत्तर : पांढरा डाग हा सायनोॲक्रिलेटच्या वाफेचा आहे. न वाळलेल्या गोंदाची वाफ उठते, हवेतील ओलाव्याशी मिळून आजूबाजूला बसते आणि पांढरी पूड होऊन दिसते. गोंद जास्त लावला, हवा कोंदट असली आणि दमटपणा जास्त असला की डाग वाढतो. मोहरीएवढा थेंब पुरतो. पाय लावल्यावर पंख्याच्या मंद हवेत ट्रे उघडे ठेवावेत. कमी वासाचा सायनोॲक्रिलेट मिळतो, त्यात डाग फार कमी उमटतो. तरी आपल्या मालासाठी मी मागे चिकट थर असलेले तयार पारदर्शक पायच सुचवेन. कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेत ताण असतो आणि द्रव गोंद तेथे बारीक भेगा पाडू शकतो, ती भीतीही त्याने जाते.

सोल्युशन पावसाळ्यात दगा देते, कारण विद्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो आणि कोकणच्या दमट हवेतील पाणी त्या थरावर अदृश्य दवासारखे साचते. दोन थर भिडतात खरे, पण मध्ये पाणी असते. पावसाच्या दिवसांत पातळ थर द्यावा आणि भिडवण्याआधी केस वाळवण्याच्या यंत्राने तो कोमट करून घ्यावा.

डोकेदुखीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचून पेट घेऊ शकते. देवापुढचा दिवा आणि गॅसची शेगडी त्या खोलीत नसावी. काही सोल्युशनांमध्ये एन-हेक्झेन हे विद्रावक असते. ते दीर्घकाळ श्वासात गेल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करते. पादत्राणे बनवणाऱ्या कामगारांमध्ये हा विकार अनेक देशांत आढळून आला आहे. हे काम पडवीत किंवा समोरासमोरच्या खिडक्या उघडून करावे, डब्याचे झाकण लगेच लावावे, आणि गटात कोणी गरोदर भगिनी असतील तर त्यांना हे काम देऊ नये. झटपट गोंद सुती फडक्यावर सांडला तर ते फडके चटका बसण्याइतके तापते, हेही सर्वांना सांगून ठेवावे.

प्रश्न : आम्ही नायलॉनच्या भागावर नायट्राइल रबराची गादी चिकटवतो. दहा भाग उत्तम निघतात, अकरावा हाताने सोलून येतो. गोंद तोच, माणूस तोच. कसे तपासावे? (लघुउद्योजक, भोसरी)

उत्तर : सोलून आलेल्या भागाच्या दोन्ही बाजू भिंगाखाली पाहणे ही पहिली तपासणी. रबर स्वतः फाटले असेल तर जोड रबरापेक्षा बळकट आहे आणि तक्रारीला जागा नाही. गोंद दोन्ही बाजूंना थोडाथोडा उरला असेल, तर गोंदाचा थर आतून फाटला आहे : थर जाड झाला, पूर्ण वाळला नाही किंवा जुना गोंद वापरला. गोंद एका बाजूला अखंड आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल, तर त्या स्वच्छ बाजूचा पृष्ठभाग दोषी आहे. आपल्या वर्णनावरून तिसरी शक्यता मला अधिक वाटते. त्याच आवारात इंजेक्शन मोल्डिंगचे (वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून भरणारे) यंत्र असेल आणि साच्यावर सिलिकोनचा फवारा मारला जात असेल, तर तो हवेतून नायलॉनवर आणि रबरावर येऊन बसतो, त्यावर गोंद धरत नाही, आणि तो सगळ्या भागांवर सारखा बसत नाही. फवारा सिलिकोनविरहित करावा, चिकटवण्याची जागा वेगळी करावी आणि कामगारांनी उघड्या हाताने पृष्ठभाग धरू नये. रबराची बाजूही तपासावी : नायट्राइलमधील तेल आणि मेण साठवणीत वर येते, त्यामुळे जुन्या साठ्यातील गाद्या वापरण्याआधी घासून पुसाव्यात. नायलॉन ओलावा शोषते, म्हणून भाग कोरड्या जागी ठेवावेत.

पृष्ठभाग तपासण्यासाठी ठरावीक पृष्ठताणाच्या शाईची पेने मिळतात. ३८ डाइन किंवा त्याहून वरच्या पेनाची रेघ अखंड राहिली तर पृष्ठभाग सामान्यतः चिकटवण्याजोगा मानतात; रेघ थेंबाथेंबाने तुटली तर त्यावर काहीतरी बसले आहे. जोडाची ताकद मोजताना सरळ ओढून पाहण्यापेक्षा १८० अंशांत उलटे सोलून पाहावे, कारण रबर प्रत्यक्षात तसेच सुटते. एएसटीएम या अमेरिकी प्रमाणसंस्थेचे डी ९०३ हे त्यासाठीचे प्रमाण आहे. काही नमुने आठवडाभर पाण्यात आणि काही ७० अंशांच्या भट्टीत ठेवून मग सोलावेत. ताजा जोड सर्वांनाच बळकट दिसतो.

मागणी मोठी आणि नियमित असेल, तर गादी वेगळी चिकटवण्याऐवजी नायलॉनला धरणारे थर्मोप्लॅस्टिक इलॅस्टोमर (तापवून साच्यात घालता येणारे, रबरासारखे लवचिक प्लॅस्टिक) साच्यातच त्यावर ओतण्याचा हिशोब मांडून पाहावा. साच्याचा पहिला खर्च जड असतो, पण गोंद, तो लावणारा हात आणि नाकारलेले भाग हे तिन्ही खर्च त्यातून वजा होतात. मात्र त्या गादीला तेलाचा संपर्क होत असेल, तर निवडलेले इलॅस्टोमर नायट्राइलइतके तेल सोसते का, ते पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

प्रश्न : मिक्सरच्या भांड्याच्या झाकणातील पांढरी रिंग सैल झाली आहे. ती सिलिकोनची आहे असे दुकानदार म्हणतो. ती झाकणाला चिकटवता येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : सिलिकोन रबराला सिलिकोनच धरतो, फेविक्विक, इपॉक्सी, सोल्युशन यांपैकी काहीही त्यावर टिकणार नाही. सिलिकोन सीलंटने ती झाकणाला लावता येईल, पण व्हिनेगरसारखा वास येणारा सीलंट वाळताना आम्ल सोडतो आणि बांधकामासाठीच्या सीलंटमध्ये बुरशीनाशक असू शकते. अन्नाला लागणाऱ्या जागी तो वापरू नये. रिंग चिकटवली की तिच्यामागे अडकलेले वाटण धुताही येत नाही. त्याच मापाची नवी रिंग भांड्यांच्या दुकानात मिळते. जुनी रिंग बरोबर नेऊन मापून घ्यावी.